'नाही' म्हणायला इतकं काय जड जातं?

आज सकाळी एका इन्व्हेस्टरची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. म्हणे फाउंडर लोक पैसे घेतले की गायब होतात, मंथली अपडेट पाठवत नाहीत, वाईट बातमी अगदी गळ्याशी आल्यावर सांगतात. खाली सगळे माना डोलावतायत. अहो, गायब होण्यावर तुम्ही बोलायचं?

आमच्या स्टार्टअपच्या सीड राऊंडला, म्हणजे सुरुवातीचे पैसे उभे करताना, एक इन्व्हेस्टर गृहस्थ भेटले होते. पहिल्याच कॉलला "टीम आवडली, आपण करूया". मग डेटा रूम, म्हणजे कंपनीच्या कागदपत्रांचं ऑनलाइन फोल्डर, मागितली, दिली. कॅप टेबल, म्हणजे कंपनीत कोणाचा किती हिस्सा त्याचा तक्ता, दिलं. मग पुढच्या पाच वर्षांचं फायनान्शियल मॉडेल मागितलं, आणि ते कोणाकडे तर पुढच्या तिमाहीचं खात्रीने सांगता येत नव्हतं अशा कंपनीकडे, तेही रात्र जागून करून दिलं. आमच्या कस्टमर्सना फोन करून झाले. आणि शेवटी ते सुप्रसिद्ध वाक्य, "लीड मिळाला की आम्ही आहोतच." म्हणजे पुढाकार घेणारा मुख्य इन्व्हेस्टर आधी दुसरा कोणी शोधा. त्यानंतर सामसूम. मेल उघडला गेल्याचं दिसतंय, उत्तर नाही.

आता यामागचं गणित मला कळत नाही असं नाही. यांच्या फंडात बहुतेक कंपन्या बुडतात आणि एकदोन कंपन्याच सगळा फंड तारतात, त्यामुळे बुडणारी कंपनी घेतली तर घातलेले पैसे जातात एवढंच, पण तारणारी हातातून सुटली तर ते जन्मभर बोचतं. म्हणून 'नाही' म्हणायचंच नाही, दार किलकिलं ठेवायचं. त्यांना ते फुकट पडतं. आमचा मात्र रनवे, म्हणजे शिल्लक पैसे किती दिवस पुरतील तो काळ, रोज कमी होत असतो, पगार ठरल्या तारखेला द्यायचे असतात, आणि त्या गृहस्थांचा आकडा राऊंडमध्ये धरलेला असतो.

गंमत बघा, वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअपना पैसे देणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१३ साली सेफ (पैसे आत्ता घ्या, शेअर पुढच्या राऊंडला द्या असा छोटा करार) आणलं ते याचसाठी, की सुरुवातीच्या पैशाला महिनोन्‌महिने लागू नयेत. व्याज नाही, मॅच्युरिटी डेट नाही, मोजकी पानं, सही करा आणि कामाला लागा. २०१८ ला पोस्ट-मनी सेफ आलं, त्यात इन्व्हेस्टरला आपला हिस्सा किती ते आधीच कळतं आणि प्राइस्ड राऊंडच्या, म्हणजे शेअरचा भाव ठरवून पैसे घेण्याच्या, आधी आणखी सेफ काढले तर डायल्यूशन, म्हणजे हिस्सा कमी होणं, येतं फाउंडरच्या वाट्याला. बरं, तेही मान्य केलं आम्ही. कागद छोटा झाला, पण माणसाचं "बघू, बोलू" काही छोटं झालं नाही!

हो, फाउंडर पण लपवतात. को-फाउंडर सोडून गेलेला महिनाभर सांगत नाहीत, आकडे गोड करून दाखवतात. आहेत असे, मान्य. पुढे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय कारण त्या गृहस्थांच्याच ऑफिसातला एक ज्युनियर मुलगा आठवला, त्यांच्याकडे अॅनालिस्ट होता. एके संध्याकाळी त्याने स्वतःच्या नंबरवरून फोन केला. म्हणाला, "मॅडम, सर नाही म्हणणार नाहीत, पण तुम्ही वाट बघू नका." एवढंच. मार्केट छोटं वाटतंय त्यांना, हेही सांगितलं. नोकरी पणाला लावून बोलला बिचारा. मी त्याला नीट थँक्यू तरी म्हटलं का, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचा आकडा एक्सेलमधून काढला, राऊंड छोटा केला, आहेत त्यांच्या सह्या घेऊन क्लोज केला.

आणि ऐका, क्लोजची बातमी बाहेर गेली तशी सरांचा मेसेज हजर! "काँग्रॅट्स, अजून थोडी जागा आहे का?" आता परत चिडले मी.

कमेंटमध्ये नाव विचारू नका, सांगणार नाही. राऊंड चालू असेल तर इनबॉक्समध्ये या, कोण दोन दिवसांत सरळ 'नाही' कळवतं त्यांची यादी आहे माझ्याकडे. छोटी आहे.