‘परत टाकलं की झालं’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काय काय इन्स्टॉल आहे ते कसं शोधायचं, या माझ्या लेखावर तुम्ही लातूरहून खरमरीत लिहिलंत. थोडक्यात म्हणणं असं: लायब्ररी (म्हणजे आयता मिळणारा कोड) सापडत नसेल तर परत टाकावी, म्हणजे पुन्हा इन्स्टॉल करावी, दोन मिनिटांचं काम, त्यावर एवढं लांबण लावून आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना घाबरवू नका, आधी प्रोग्रॅम लिहायला शिकवा, फोल्डर धुंडाळायचं कंपनीत गेल्यावर शिकतील. शेवटी तुमच्या मुलाच्या उबुंटूबद्दल (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) एक प्रश्नही टाकलात. त्याचं उत्तर खाली आहे, आधी भांडण.

परत टाकून भागलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. परभणीत क्लासला येणाऱ्या पोरांची तक्रार ठरलेली असते: ‘सर, टाकलंय की, तरी नाही म्हणायलंय.’ आणि पोरं खरं बोलत असतात. एका मुलीला सेलू, जिंतूर, पाथरीच्या पावसाची सीएसव्ही फाइल पांडाज या तक्ते हाताळायच्या लायब्ररीत उघडायची होती. पिप म्हणजे पायथनच्या लायब्ऱ्या टाकणारी कमांड. टर्मिनलवर ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ दिलं की उत्तर ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधलं रनचं बटण दाबलं की ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. दोन्ही एकाच स्क्रीनवर, एकाखाली एक. तुम्ही सांगता तो उपाय तिनं आधीच करून पाहिला होता. पण ‘सॅटिस्फाइड’वाल्या ओळीच्या शेपटीला पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, छापलेला असतो, तो कुणी वाचत नाही. त्यात फोल्डरचं नाव होतं पायथन ३११, म्हणजे आवृत्ती ३.११, आणि व्हीएस कोड खाली उजव्या कोपऱ्यात ३.१२ दाखवत होता.

म्हणजे मशीनवर पायथन दोन. पिप एकाचं, रनचं बटण दुसऱ्याचं. सिलिंडर शेजारच्या घरात उतरवून घ्यायचा आणि आपल्या घरात लायटर मारत बसायचं, त्यातली गत. परत मागवला तरी तो शेजारीच उतरणार.

म्हणून माझा हेका असा की ‘आहे का’ हे विचारूच नका, ‘कुणाकडे आहे’ हे विचारा. प्रोग्रॅममध्येच ‘सिस’ इम्पोर्ट करून ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ प्रिंट करायचं. जो पाथ येईल तोच खरा चालणारा पायथन. मग त्याच पाथपुढं ‘डॅश एम पिप लिस्ट’ लावायचं, की त्याच्याच पोतडीतलं सामान दिसतं. नुसतं ‘पिप लिस्ट’ देणारा माणूस कुणाची पोतडी उघडतोय हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. विंडोजवर ‘पीवाय’ लाँचर असेल तर ‘डॅश शून्य पी’ दिलं की त्याला ठाऊक असलेले सगळे पायथन पाथसकट समोर येतात. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर हे एकदा करून बघा. दरवर्षी नवी बॅच, नवा पायथन. जुना कुणी काढतच नाही.

यादी बघूनही फसगत होते, तेही लेखात होतं, पण तुम्ही बहुतेक तिथवर पोचला नाहीत. कोडमध्ये आपण ‘सीव्ही२’ इम्पोर्ट करतो, यादीत नाव असतं ‘ओपनसीव्ही-पायथन’. ‘पीआयएल’चं पॅकेज ‘पिलो’, ‘एसकेलर्न’चं ‘सायकिट-लर्न’, ‘यामल’चं ‘पाययामल’. पोरगं यादीत सीव्ही२ शोधतं, मिळत नाही, मग अंदाजानं नाव टाकून इन्स्टॉल करत सुटतं. हा अंदाज महागात पडू शकतो. पायथनच्या सार्वजनिक भांडारात कुणीही पॅकेज चढवू शकतो, आणि २०१७ साली स्लोव्हाकियाच्या सुरक्षा यंत्रणेनं तिथं ओळखीच्या नावांशी मिळतीजुळती बनावट पॅकेजेस शोधून काढली होती. ‘यूआरएललिब३’सारखं दिसणारं, शेवटचा ३ नसलेलं ‘यूआरएललिब’ त्यातलंच. आधी यादीतल्या नावावर ‘पिप शो डॅश एफ’ देऊन त्या पॅकेजनं नेमक्या कोणत्या फायली टाकल्यात ते बघितलं, तर अंदाज मारायची वेळच येत नाही.

एक गंमत राहिली. स्वतःच्या फाइलला ‘पांडाज डॉट पीवाय’ नाव देणारे महाभाग प्रत्येक बॅचला असतात. मग इम्पोर्टला आधी तीच फाइल सापडते. अशा वेळी लायब्ररी हजारदा टाका, ढिम्म हलत नाही.

‘दोन मिनिटं’ म्हणताय ती कुणाची? पोरं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असतात. पिप उतरवलेलं जपून ठेवतं, मान्य. पण नमपाय, पांडाज अशा लायब्ऱ्यांच्या फायली पायथनच्या आवृत्तीप्रमाणे वेगवेगळ्या, त्यामुळे ३.११ साठी उतरवलेलं ३.१२ ला उपयोगी पडत नाही. पुन्हा डेटा, पुन्हा वाट.

आता ‘कंपनीत गेल्यावर शिकतील’. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा भाषेतल्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं, तेव्हा जगभरातल्या कंपन्यांपुढं पहिला प्रश्न हाच होता की ही लायब्ररी आपल्याकडे आहे कुठं कुठं. बऱ्याच ठिकाणी ती कुणी मुद्दाम टाकलेली नव्हती. दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात, जारच्या (जावाच्या कोडच्या गठ्ठ्याच्या) आत जार, अशी ती बसलेली. मेव्हन हे जावाचं साधन वापरणाऱ्यांनी ‘डिपेन्डन्सी ट्री’, म्हणजे कोणती लायब्ररी कुणाच्या पोटात आहे त्याचं झाड, काढून एकेक फांदी तपासली. ज्यांच्याकडे यादी तयार होती त्यांचं काम सुटसुटीत झालं. बाकीचे सर्व्हरमागून सर्व्हर उपसत राहिले. तिथं ‘परत टाका’ म्हणणाऱ्याला कोण विचारणार होतं?

व्हीएस कोड सगळं आपोआप करतो म्हणालात. तो इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा पायथन, निवडतो, पण आपल्या मनातलाच निवडेल असं नाही. ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’ची कमांड उगाच दिलेली नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी जमतं. प्रोजेक्टचं स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्याच्यापुरत्या पायथनचं आणि लायब्ऱ्यांचं वेगळं फोल्डर) असेल आणि ते बिघडलं, तर दुरुस्त करत बसू नये, फोल्डर उडवून नवं करावं. फक्त उडवण्याआधी ‘पिप फ्रीझ’नं यादी काढून घ्यावी. म्हणजे आलंच, काय काय टाकलेलं आहे ते बघणं!

तर तुमच्या मुलाचा प्रश्न. उबुंटूवर पिपनं लायब्ररी टाकताना त्याला येणारा ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ हा एरर बिघाडाचा नाही. डेबियन १२ (उबुंटू जिच्यावर बेतलेलं आहे ती सिस्टिम) आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपनं ढवळाढवळ करू नये म्हणून मुद्दाम घातलेला तो अडसर आहे, कारण त्या पायथनवर उबुंटूची स्वतःची कामं चालतात. एररमध्येच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय सुचवलेला दिसेल. नावातच काय ते आलं, तो वापरू नका म्हणावं. आधी उबुंटूच्या ‘ॲप्ट’ कमांडनं ‘पायथन३-व्हेन्व्ह’ टाकायचं, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एन्व्हायर्नमेंट बनवायचं, आणि त्याच्या बिन फोल्डरमधल्या पायथनलाच ‘डॅश एम पिप इन्स्टॉल’ द्यायचं. तरी अडलं तर सिस डॉट एक्झिक्युटेबल काय छापतंय ते इथं चिकटवा, बघू.