पेस्टइतकंच पॅडच्या जाडीकडे बघा

लॅपटॉप तापू नये म्हणून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप, बदलायची कृती तुमच्या लेखात छान सांगितली आहे, पण थर्मल पॅडचं, म्हणजे तेच काम इतर चिपांवर करणाऱ्या मऊ पट्टीचं, काम 'नवे चिकटवा' एवढ्यावरच उरकलंय. खरा घोळ तिथेच होतो. मी रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्त करतो. पेस्ट नवी असूनही मशीन लगेच ९५ अंशांवर जातं, अशी तक्रार घेऊन लोक येतात. उघडून बघावं तर १ मिमीच्या जागी दीड मिमीचा पॅड कोंबलेला. त्याने हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) उचलला जातो आणि प्रोसेसरवर नीट टेकतच नाही. पॅड पातळ पडला तर मेमरी चिपवर फट राहते, आणि ती फट पेस्टने भरून निघत नाही. जुना पॅड काढताना जाडी न दबलेल्या कडेला मोजा, मधे चिपचा चौकोनी ठसा उमटलेला असतो.

आपल्या किनाऱ्यावर दुसरंही एक दुखणं आहे. दमट खाऱ्या हवेत हीटसिंकच्या पात्यांत धूळ ओली होऊन गच्च बसते, तांबं हिरवट पडतं. ही पाती मोकळी केल्याशिवाय महागडी पेस्ट वाया गेली म्हणून समजा. मऊ ब्रश वापरा, पंखा बोटाने धरून ठेवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि हो, सगळ्याआधी बॅटरीची पिन काढा!

लिक्विड मेटलच्या, म्हणजे पेस्टऐवजी लावतात त्या पातळ धातूच्या, नादी मात्र घरी कोणी लागू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट.