क्लोदी एन्येरे यांना उसना विक्रम कशाला?

फ्रान्सच्या पहिल्या महिला अंतराळवीर क्लोदी एन्येरे यांच्यावरचा एक मजकूर सगळीकडे फिरतो. त्यातले तीन दावे असे: अंतराळात गेलेल्या त्या पहिल्या युरोपीय महिला, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचलेल्या जगातल्या पहिल्या महिला, आणि संधी मिळाली ती अंतराळवीर नवऱ्यामुळे. तिन्ही चूक.

क्लोदी पहिल्यांदा अंतराळात गेल्या 17 ऑगस्ट 1996 रोजी, सोयुझ यानातून रशियाच्या मीर स्थानकावर. त्याच मीरवर मे 1991मध्ये ब्रिटनच्या रसायनशास्त्रज्ञ हेलन शारमन जाऊन आल्या होत्या. आणि रशियातलं व्होल्गाकाठचं यारोस्लाव्ल युरोपातच आहे. मग तिथल्या व्हालेंतिना तेरेश्कोव्हा, 1963 साली अंतराळात गेलेल्या, यांना कोणत्या हिशेबानं वगळायचं?

दुसरा दावा दोन ओळींत निकालात निघतो. डिसेंबर 1998मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी करी आंतरराष्ट्रीय स्थानकावर पोहोचल्या होत्या. क्लोदी गेल्या ऑक्टोबर 2001मध्ये. तिथे जाणाऱ्या पहिल्या युरोपीय महिला मात्र त्याच.

तिसरा दावा नुसता चुकीचा नाही, अन्यायाचा आहे. 1985 साली फ्रान्सच्या अंतराळ संस्थेनं सात जण निवडले, त्यांत बाई एकच, क्लोदी. पॅरिसच्या कोशँ रुग्णालयातली ही संधिवाततज्ज्ञ. वैमानिक झाँ-पिएर एन्येरे त्याच तुकडीत निवडले गेले. म्हणजे निवडीच्या वेळी दोघंही उमेदवारच. लग्न झालं 2001मध्ये. 1996च्या उड्डाणात त्यांचं नाव क्लोदी आंद्रे-देशे असं होतं. 1993च्या मोहिमेत झाँ-पिएर उडाले आणि क्लोदी राखीव म्हणून जमिनीवर राहिल्या. दरम्यान, 1992मध्ये त्यांनी मेंदूविज्ञानात डॉक्टरेटही मिळवली होती. मीरवरच्या सोळा दिवसांत त्यांच्या कामांत सॅलॅमँडर या उभयचर प्राण्यांवरचा प्रयोगही होता: वजनरहित अवस्थेत त्यांच्या अंड्यांचं फलन आणि वाढ कशी होते, हे पाहायचं होतं. असं काम नवऱ्याच्या ओळखीवर होत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट तर त्या मजकुरात नाहीच. सोयुझमध्ये तीन खुर्च्या असतात. मधली कमांडरची, डावी फ्लाइट इंजिनिअरची. उजवीकडच्याला यान चालवण्याचं काम फारसं नसतं. स्थानकाला जोडून ठेवलेलं सोयुझ म्हणजे आणीबाणीत परतायचं साधन. तिघांना घेऊन ते पृथ्वीवर उतरवणाऱ्या कमांडरची पात्रता क्लोदी यांनी 1999मध्ये मिळवली. ती मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला. 2001च्या उड्डाणात त्या डाव्या खुर्चीत होत्या, फ्लाइट इंजिनिअर म्हणून. पुढच्याच वर्षी फ्रान्स सरकारात त्या संशोधन खात्याच्या मंत्री झाल्या.

तो मजकूर पुढे पाठवणार असाल, तर आधी 1999ची ही नोंद त्यात घाला आणि नवऱ्याचं वाक्य काढून टाका.