फोर्टनाइट म्हणजे पंधरा नाही, चौदाच दिवस

एका लेखात फोर्टनाइट या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'पंधरवडा' दिलाय, पण इथंच तर घोळ होतो. मूळ जुन्या इंग्रजीत तो 'चौदा रात्री' असा शब्द आहे, तेव्हा लोक दिवस नाही, रात्री मोजायचे, म्हणून नाइट. सात रात्रींनाही सेनाइट म्हणायचे, तो शब्द आता गेला. आपला पंधरवडा तिथीवर, अमावस्या ते पौर्णिमा, सरासरी पावणेपंधरा दिवस, बोलताना आपण सरळ पंधरा धरतो.

आम्ही रावेरकडचे. वादळात केळीबाग आडवी झाली तेव्हा विम्याच्या पत्रात कागदं 'विदिन अ फोर्टनाइट' द्या असं होतं, वडिलांनी कॅलेंडरवर पंधरा दिवसांनी येणाऱ्या तारखेला पेनानं गोल केला आणि त्याच दिवशी सातबारा, पासबुक घेऊन गेले, तर काल मुदत संपली म्हणे! एका दिवसासाठी किती चकरा मारल्या त्यांनी, अजून डोळ्यासमोर येतं.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे वार बघा, सोमवारचं पत्र तर दोन आठवड्यांनी येणारा सोमवार. अमेरिकेत हा शब्द फारसा वापरत नाहीत, सरळ टू वीक्स म्हणतात. आणि बायवीकली तर त्याहून वाईट, आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, दोन्ही अर्थ चालतात, त्यामुळे शेतकऱ्याला पत्र पाठवताना सरळ तारीखच लिहा ना.