‘गावात राहून कॅड शिकता येत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की विदर्भातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मथितार्थ तोच राहतो. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर मापात ड्रॉइंग काढणं, शिकायचं तर इंजिनिअरिंगची डिग्री आणि फाडफाड इंग्रजी हवं. ग्राफिक्स कार्डवाला सत्तर-ऐंशी हजारांचा लॅपटॉप हवा. सॉफ्टवेअर ऑटोकॅडच हवं, परवडत नसेल तर क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, टाका. पुण्या-नागपुरात तीन महिन्यांचा क्लास लावून कमांड पाठ करा. गावात याचं काम नाही. आणि शेवटी, आता एआय सगळं काढून देतं, तेव्हा यात वेळ घालवू नका.

या मेसेजनं खरं नुकसान होतं. काही मुलं सुरुवातच करत नाहीत, आणि काही घरी कापसाचा चुकारा आला की तो सगळा लॅपटॉपात घालून बसतात. म्हणून एकेक दावा घेऊ.

दावा : डिग्री आणि इंग्रजीशिवाय जमत नाही

आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि ड्राफ्ट्समन मेकॅनिकल असे दोन वर्षांचे दोन ट्रेड आहेत आणि त्यांना पात्रता दहावी पास एवढीच आहे. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयला हे ट्रेड नसतात, म्हणून प्रवेशाचा फॉर्म भरतानाच कुठे आहेत ते बघून घ्यावं. गणित लागतं ते नववी-दहावीच्या भूमितीचं: पायथागोरस, समरूप त्रिकोण, वर्तुळाची स्पर्शिका. इंग्रजी लागतं ते कमांडच्या नावांपुरतं. लाईन, सर्कल, ऑफसेट, ट्रिम, एक्स्टेंड, मिरर, फिलेट, कॉपी, मूव्ह, लेयर, डायमेन्शन, प्लॉट एवढ्यावर बहुतेक टूडी, म्हणजे सपाट नकाशाचं, काम निघतं.

भाषेची खरी अडचण वेगळ्याच जागी येते. कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड चालू राहिला तर कमांड घेतली जात नाही आणि देवनागरी आकडा सॉफ्टवेअरला कळत नाही; टाईप करताना कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये मराठी लिहिलं की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. त्यासाठी टेक्स्ट स्टाईलमध्ये मंगलसारखा युनिकोड ट्रूटाईप फॉन्ट निवडावा. डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट वापरले तर ते ज्या मशिनवर नाहीत तिथे सगळा मजकूर बिघडतो.

आणखी एक. यूट्यूबवरचे बरेच धडे अमेरिकन असतात आणि तिथे थर्ड अँगल प्रोजेक्शन चालतं, म्हणजे वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या वर काढतात. आपल्याकडे आयटीआय-पॉलिटेक्निकला फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात तेच चित्र खाली येतं. दोन्हींची सरमिसळ झाली की उजव्या बाजूचं भोक डाव्या बाजूला पडतं. शीटवर प्रोजेक्शनचं चिन्ह टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

डिग्रीबद्दलचा खरा भाग एवढाच आहे: बांधकाम परवानगीच्या नकाशावर सही आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनिअरची लागते, आणि स्लॅब-कॉलमची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरची असते. ड्रॉइंग तुम्ही काढू शकता, सळईचा आकार मनानं ठरवू शकत नाही. तिथे हात आखडताच घ्यायला हवा.

दावा : सत्तर-ऐंशी हजारांचा लॅपटॉप हवा

टूडी ड्राफ्टिंगला हा खर्च अनाठायी आहे. लिब्रेकॅड हे मोफत टूडी सॉफ्टवेअर ४ जीबी रॅमच्या जुन्या ऑफिस कॉम्प्युटरवर सुखानं चालतं. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी शिकायला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. ऑटोकॅडच्या २०२५ च्या आवृत्तीलाही किमान ८ जीबीच लागते. मोठं ग्राफिक्स कार्ड रेंडरिंगला, म्हणजे खऱ्यासारखं चित्र बनवायला, आणि शेकडो पार्टांच्या असेंब्लीला लागतं. ते शिकणाऱ्याचं पहिल्या वर्षाचं काम नव्हे.

दोन गोष्टींवर मात्र पैसे घालाच. चाकवाला माऊस, कारण चाक दाबून ड्रॉइंग सरकवायचं असतं आणि टचपॅडवर ते अशक्यप्राय होतं. आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस. आपल्याकडे लाईट सांगून जात नाही. ऑटोकॅडमध्ये आपोआप सेव्ह दर १० मिनिटांनी होतं, ते ५ वर आणा. लाईट गेल्यावर फाईल उघडेनाशी झाली तर त्याच फोल्डरमध्ये ऑटोकॅडनं ठेवलेल्या आधीच्या प्रतीचं, म्हणजे बीएके फाईलचं, शेपूट (नावातली टिंबापुढची अक्षरं) बदलून डीडब्ल्यूजी हे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगचं शेपूट करा, आधीच्या सेव्हपर्यंतचं काम परत मिळतं. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडच्या ४५ अंशांत लॅपटॉप गादीवर ठेवून काम करू नका. खालची हवा कोंडली की प्रोसेसर वेग उतरवतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

दावा : ऑटोकॅडच हवं, नाहीतर क्रॅक टाका

अर्धं खरं आहे. ऑटोकॅड १९८२ पासून आहे, आर्किटेक्टांच्या ऑफिसात आणि कारखान्यांत डीडब्ल्यूजी फाईलच फिरते, तेव्हा नोकरीसाठी पुढे ते हाताखालून जायला हवं. त्यासाठी चोरी करायची गरज नाही. पात्र शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्याला ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी एका वर्षासाठी मोफत लायसन देते आणि विद्यार्थी असेपर्यंत ते दरवर्षी वाढवता येतं. संस्थेचं ओळखपत्र लागतं. त्यावर पैसे घेऊन काम करायची परवानगी नसते.

विद्यार्थी नसाल तर लिब्रेकॅडनं सुरुवात करा. ते कायमचं मोफत आहे, पैशाच्या कामालाही चालतं. त्याची मर्यादाही समजून घ्या: ते डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या दुसऱ्या फाईल प्रकारात काम करतं, डीडब्ल्यूजी लिहू शकत नाही आणि वाचतानाही अडखळतं. ओडीए फाईल कन्व्हर्टर नावाचं मोफत सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजीचं डीएक्सएफ आणि उलटही करून देतं, तेवढ्यानं वाट मोकळी होते. थ्रीडीसाठी फ्रीकॅड आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि आधीची स्केच बदललं की पुढचा पार्ट तुटण्याची जुनी कटकट तिच्यात बरीच कमी झाली. ब्राउझरमध्ये चालणारं ऑनशेपही मोफत मिळतं, मात्र मोफत खात्यातलं तुमचं ड्रॉइंग जगाला दिसतं. गिऱ्हाइकाचं काम तिथे ठेवू नका.

क्रॅकबद्दल स्पष्ट बोलायला हवं. क्रॅक टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे चोराला दार उघडून देणंच. ऑटोकॅडला स्वतःचे व्हायरस आहेत. २०१२ मध्ये सापडलेला मेड्रे नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, ऑटोलिस्प या ऑटोकॅडच्याच भाषेत लिहिलेला होता आणि लोकांची ड्रॉइंगं परस्पर ईमेलनं बाहेर पाठवत होता. पेनड्राईव्हवरून आलेल्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगसोबत एलएसपी किंवा एफएएस शेपटाची अनोळखी फाईल दिसली तर ड्रॉइंग उघडण्याआधी ती काढून टाका. शिवाय १९५७ च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. ज्या पोराच्या नावावर उद्या दुकान व्हायचं, त्याला असा सल्ला देणं चूक आहे.

दावा : शहरातला क्लास लावा, कमांड पाठ करा

इथे मेसेज सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. क्लास वाईट असतो असं नाही. मात्र जो क्लास मोजायची टेप हातात देत नाही आणि स्केलमध्ये प्रिंट काढून तपासायला लावत नाही, तो अर्धीच विद्या देतो. फी भरण्याआधी या दोन गोष्टी विचारा.

ड्रॉइंग बिघडतं ते मापात. गावात मिस्त्री फुटा-इंचात बोलतो आणि वहीत १० फूट ११ इंच हे १०.११ असं लिहिलं जातं. कॅडमध्ये १०.११ फूट टाकलं की ३०८१.५ मिमी होतं. खरं माप ३३२७.४ मिमी आहे. एका भिंतीत २४६ मिमी, म्हणजे जवळजवळ १० इंच गायब. आणि १० फूट ६ इंचाचं १०.६ झालं तर चूक फक्त ३० मिमीची राहते, म्हणून लगेच लक्षातही येत नाही आणि पुढे खिडकीच्या मापात निघते. उपाय सोपा आहे: मोजतानाच मिलिमीटरमध्ये लिहा. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, १ फूट म्हणजे ३०४.८ मिमी. नऊ इंची भिंत २३० आणि साडेचार इंची ११५ धरतात.

मोजताना टेपचं शून्य एकाच कोपऱ्यावर ठेवा आणि दाराची कड, खिडकीची कड, पुढचा कोपरा अशी सगळी मापं तिथूनच घ्या. तुकड्या-तुकड्यानं मोजून बेरीज केली की चुकाही बेरजेत जातात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. १० बाय १२ फुटांची खोली काटकोनात असेल तर कर्ण ४७६१ मिमी यायला हवा. जुन्या मातीच्या घरात दोन्ही कर्ण सहसा सारखे येत नाहीत. तेव्हा आयत काढू नका. एका भिंतीच्या दोन टोकांवरून बाजू आणि कर्ण यांच्या त्रिज्येची वर्तुळं काढा, ती छेदतात तिथे तिसरा कोपरा.

सरावाला गावातलंच घरकुल घ्या. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, एका बैठकीत मोजून होतं. ड्रॉइंग उघडल्यावर पहिलं काम एकक मिमी करणं. दुसरं, भिंत, दार-खिडकी, मापं आणि मजकूर असे चार लेयर, म्हणजे वेगवेगळे दाखवता-लपवता येणारे थर, करणं. मग भिंतीची आतली रेघ काढून २३० नं ऑफसेट, म्हणजे तेवढ्या अंतरावर समांतर रेघ, कोपरे फिलेटनं त्रिज्या शून्य ठेवून जोडायचे, दाराच्या जागा ट्रिमनं उघडायच्या.

सगळं खऱ्या मापात काढा. ५ मीटरची भिंत ५००० मिमीच काढायची; लहान होते ती छापताना. १:५० ला, म्हणजे पन्नास पट लहान छापलं की, ५ बाय ६ मीटरचं घर १०० बाय १२० मिमीत येतं आणि ए-४ वर बसतं. अक्षरांची उंची इथेच चुकते. कागदावर २.५ मिमीचं अक्षर हवं असेल तर मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्या मापाच्या ड्रॉइंगमध्ये, १:५० साठी १२५ मिमी आणि १:१०० साठी २५० मिमी द्यावी लागते. २.५ दिली की मजकूर दिसतच नाही आणि टेक्स्ट कमांड चालत नाही असा समज होतो.

प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेपर’ची खूण काढा. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ छापतानाही ‘फिट’ लागलेलं असतं आणि कागदावरचं ड्रॉइंग तीन-चार टक्क्यांनी आक्रसतं. त्यासाठी शीटच्या खालच्या बाजूला, कागदावर बरोबर १०० मिमी येईल अशी रेघ ठेवा. प्रिंट हातात आली की पट्टी लावा. ९७ भरली तर तो कागद साईटवर नेऊ नका.

दावा : गावात काम नाही

हिंगणघाट-यवतमाळकडच्या जिनिंगा, अकोल्याकडच्या दाल मिल, गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिल आणि तालुक्या-तालुक्यातली डवरा, पेरणी यंत्र, ट्रॉली बनवणारी वेल्डिंगची दुकानं डोळ्यांआड केली तरच असं म्हणता येईल. तिथे आज बरंचसं काम पत्र्यावर खडूनं आखून चालतं.

हॉपर, म्हणजे माल वरून ओतायचं खाली निमुळतं होणारं पत्र्याचं तोंड, घ्या. वरचं तोंड ६०० बाय ६००, खालचं २०० बाय २००, उभी उंची ४०० मिमी. चारही बाजूंचे पत्रे समलंब चौकोन असतात आणि नवशिक्या त्यांची उंची ४०० धरून कापतो. पत्रा तिरका बसतो, म्हणून त्याची खरी उंची ४०० आणि २०० यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ४४७.२ मिमी आहे. ४०० नं कापलेला हॉपर जोडला की त्याची उंची ३४६ मिमीच भरते आणि तो खालच्या शूटला, म्हणजे उतरत्या नळीला, पोचत नाही. तिरकी कड ४८९.९ मिमी यायला हवी. कापण्याआधी ड्रॉइंगमध्ये तीच मोजून खात्री करा.

हेच पत्रे सीएनसी प्लाझ्मावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं ज्वाळेनं पत्रा कापणाऱ्या मशिनवर, कापायला पाठवताना डीएक्सएफ खऱ्या मापात द्या आणि मिमी असल्याचं वेगळं लिहून कळवा. कटिंगची कित्येक सॉफ्टवेअर फाईलमधलं एकक बघत नाहीत, आणि इंच समजलं गेलं तर आकार २५.४ पट होतो. बाहेरची रेघ सलग बंद पॉलिलाईन, म्हणजे तुकडे जोडून केलेली एकच रेघ, हवी. कोपऱ्यात अर्ध्या मिमीची फट राहिली तरी मशिन ते कटिंग नाकारतं किंवा अर्ध्यात सोडतं. एकावर एक दोन रेघा राहिल्या तर तीच जागा दोनदा कापली जाते. मापं, मजकूर, मध्यरेषा फाईलमधून काढा. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक प्लाझ्मावर नीट येत नाही, तिथे मध्यखूण देऊन ड्रिल करायला सांगा. ज्वाळेची रुंदी कापणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये धरतात. तुम्हीही धरली तर ती दोनदा धरली जाते, म्हणून आधी फोन करून विचारा.

दावा : एआय सगळं काढून देतं

चित्र काढून देतं. त्या चित्रातल्या खोल्यांची आतली मापं आणि भिंतींची जाडी यांची बेरीज करून बाहेरच्या मापाशी ताडून पाहा; बहुधा जुळत नाही, कारण ते रंगांच्या ठिपक्यांचं चित्र असतं, मोजलेल्या रेघांचं ड्रॉइंग नसतं. प्लॉटची एक बाजू तिरकी आहे, विहीर कुंपणापासून किती अंतरावर आहे, शेजाऱ्याचं पन्हाळ कुठे पडतं, हे जागेवर टेप धरणाऱ्यालाच कळतं. ती मापं एकदा हाती आली की मजकूर लिहायला, यादी करायला एआयची मदत जरूर घ्या. मापाची बेरीज मात्र तुम्हीच करा.