‘पंचेचाळिशीनंतर राजीनामा द्या, मान राखा’: या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज दोनदा आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकदा, आणि शेवटी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने तो मलाच पाठवला. खाली एकच ओळ: ‘ताई, खरंय का गं हे?’ त्याचं वय ४९.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचं म्हणणं थोडक्यात सांगते. भारतात वयाबद्दल कायदाच नाही, त्यामुळे पंचेचाळिशीनंतर कंपनी कधीही घरी पाठवू शकते. अमेरिकेत मात्र चाळिशी ओलांडली की नोकरी पक्की. चाळिशीनंतर नवं काही डोक्यात शिरत नाही, हे म्हणे विज्ञानाने सिद्ध केलंय. ज्येष्ठ खुर्च्या अडवून बसलेत म्हणून पोरांना नोकऱ्या नाहीत. आणि शेवटी, हात जोडलेल्या इमोजीसकट: ‘एचआरने बोलावलं तर वाद घालू नका. राजीनामा द्या, मान राखा.’

मी बावीस वर्षं भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत एचआरचं काम केलं. म्हणजे बोलावणारी ती बाई मीच. तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

‘भारतात कायदाच नाही.’ हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मान्य करायला हवं. खासगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नका, असं सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. संविधानाच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी यादी आहे. वय त्यात नाही. शिवाय नोकरीपुरतं पाहिलं तर ही कलमं सरकारला बांधतात, भोसरीतल्या कारखान्याच्या मालकाला नाही. सरकार तरी वय कुठे विसरतं? एमपीएससीला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही मर्यादा आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या पोरांना वय मोजायला कुणी शिकवावं लागत नाही. न्यायालयाने हात घातला तोही सरकारी कंपनीच्या बाबतीत. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा हवाईसुंदरींना पस्तिशीत निवृत्त करायची, आणि पुढे पंचेचाळीसपर्यंत मुदत द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्जी रद्द केली, पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा नियमही रद्द केला. पस्तिशीची अट मात्र राहिली.

नोकरीच्या जाहिरातीत ‘वय ३० पर्यंत’ लिहायलाही आपल्याकडे आडकाठी नाही. मी स्वतः अशा कितीतरी लिहिल्यात. उंची आणि वर्ण तेवढा विचारायचा राहिला. नाहीतर वधूवर सूचक मंडळच.

पण ‘वयाचा कायदा नाही’वरून ‘कधीही घरी पाठवू शकतात’ ही उडी चुकीची आहे. काढण्याचा कायदा वेगळा, आणि तो जुना आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची पद्धत दिली होती: वर्षभर सलग सेवा झाली असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, ही तरतूद राहिली. दुसरीही राहिली, जी या फॉरवर्डच्या बरोबर उलटी आहे: एका प्रकारच्या कामातून माणसं कमी करायची असतील तर सगळ्यांत शेवटी आलेला आधी जातो. वेगळा करार नसेल तर हा क्रम मोडायला मालकाला कारण लेखी नोंदवावं लागतं. मात्र इथे सेवेची वर्षं मोजतात, वय नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नव्या कंपनीत गेलेला माणूस रांगेत शेवटचाच.

‘हे कामगारांसाठी झालं हो, आम्ही इंजिनिअर’ असं इथे कुणीतरी म्हणणारच. कायद्यातली ‘कामगार’ची व्याख्या वाचा. तांत्रिक काम करणारा तिच्यात बसतो, आणि त्याला पगाराची वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देखरेख करणाऱ्याला: पूर्वी महिना १०,००० रुपये, आता १८,०००. व्यवस्थापकीय काम करणारा बाहेर. म्हणूनच आम्ही पोरांना दोन वर्षांत ‘असिस्टंट मॅनेजर’ करायचो. पगार वाढायचा हजार-दीड हजाराने आणि माणूस कागदोपत्री कायद्याबाहेर. कागदोपत्रीच. प्रकरण कोर्टात गेलं की कोर्ट व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, माणूस दिवसभर करतो काय ते बघतं. त्याच्या हाताखाली कोणी आहे का, तो कुणाची रजा मंजूर करतो का, की स्वतःच दिवसभर कोड लिहितो नाहीतर गेज लावून माल तपासतो?

आता हिशेब. समजा १८ वर्षं सेवा आहे, आणि बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) महिना ४०,०००. ग्रॅच्युइटी साधारण ४ लाख १५ हजार. ती राजीनामा दिला तरी मिळते, कारण त्यासाठी लागणारी पाच वर्षं कधीच झालीत. कपातीची भरपाई वेगळी: १८ गुणिले १५, म्हणजे २७० दिवसांचा पगार. नऊ महिने. राजीनाम्यावर सही केली की हे नऊ महिने गेले, कारण मग कंपनीने काढलंच नाही, तुम्ही सोडलंत.

हे मला कसं माहीत? २०१४ साली आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये क्वालिटीतले एक इन्स्पेक्टर बसले होते. वय ५१. टेबलावर दोन कागद, एक राजीनामा, एक फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा. राजीनामा आम्हीच टाइप करून ठेवलेला, ‘वैयक्तिक कारणास्तव’. वीस मिनिटांत आटपायचं असं वरून सांगितलेलं होतं. त्या दिवशी यादीत अजून सहा जण होते. इन्स्पेक्टरांनी कागद वाचलाही नाही. खिसा चाचपला आणि म्हणाले, ‘मॅडम, पेन आहे का?’ मी दिलं. सही झाल्यावर टोपण लावून ते त्यांनी मला नीट परत केलं. त्यांना कोणती नोटीस मिळायला हवी होती, किती दिवसांची भरपाई, हे मला तोंडपाठ होतं. मी बोलले नाही. जबरदस्तीने घेतलेल्या राजीनाम्याविरुद्ध दाद मागता येते, पण जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्याच्या डोक्यावर. आणि त्या खोलीतला साक्षीदार कोण, तर मी.

हे हक्क पूर्वीइतके घट्ट राहिले नाहीत, हेही सांगते. कपातीआधी सरकारची परवानगी १०० कामगारांच्या कारखान्याला लागायची, संहितेने तो आकडा ३०० केला. मुदतीच्या करारावर घेतलेल्याची मुदत संपली तर ती कपात धरली जात नाही. पण ढिले झालेले हक्क आणि नसलेले हक्क एक नव्हेत.

अमेरिकेबद्दलचा मुद्दा मात्र साफ चूक. १९६७ चा तिथला कायदा ४० आणि त्यापुढच्यांना संरक्षण देतो, तेही २० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत. काढायला बंदी नाही; वय हे कारण असायला बंदी आहे. आणि तेच कारण होतं, त्याशिवाय काढलंच नसतं, हे कर्मचाऱ्याने दाखवायचं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं. हे दाखवणं किती जड जातं याचा विचार करा. ‘तुम्ही म्हातारे झालात’ असं कोण लिहून देतं? मला त्या कायद्यातली हेवा वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे, १९९० ची. गटाने माणसं कमी करताना हक्क सोडल्याचा कागद पुढे केला तर चाळिशीपुढच्या माणसाला विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात, आणि सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. आमच्या खोलीत वीस मिनिटं होती.

आता ‘विज्ञानाने सिद्ध’. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग कमी होतो, हे खरंच मोजलेलं आहे. पण काम म्हणजे नुसता वेग नव्हे. टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या टायपिस्टांवर प्रयोग केले. वयस्करांची बोटं सुट्या चाचणीत हळू ठरली, प्रत्यक्ष टायपिंगमध्ये मात्र ते तरुणांच्या बरोबरीने होते. कारण त्यांची नजर मजकुरात जास्त पुढची अक्षरं वाचत असायची. ज्यांनी गल्लीतल्या इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा दिलीय, त्यांना हे समजावून सांगायला नको. जर्मनीतल्या एका ट्रक कारखान्याच्या जुळणी विभागात अर्थतज्ज्ञांनी चुकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वय वाढलं की चुका किंचित वाढतात, पण महागात पडणाऱ्या गंभीर चुका वयस्कर क्वचितच करतात, असं दिसलं. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये डिंगोल्फिंगच्या कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वयाची माणसं ठेवली. लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, बारीक काम बघायला भिंगं, पाळीत कामाची अदलाबदल असे ७० बारीकसारीक बदल, एकूण खर्च सुमारे ४०,००० युरो. वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

आमच्याकडेही एकदा भिंगाचीच गरज होती, पण कळलं उशिरा. सेकंड शिफ्टला एका ५३ वर्षांच्या सीएनसी (संगणकचलित मशीन) ऑपरेटरचं रिजेक्शन, म्हणजे नापास मालाचं प्रमाण, वाढलं. मी त्यांची फाइल उघडली, पहिलं मेमोपत्रही टाइप झालं. मग लाइनवरच्या पंचविशीतल्या ट्रेनीने सुपरवायझरला सांगितलं की दोन महिन्यांपासून कागद वाचवायला ड्रॉइंग ए-थ्रीऐवजी ए-फोरवर छापतात, टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, दशांश चिन्हानंतरचा आकडा त्यालाही डोळे बारीक करून वाचावा लागतो. आणि मशीनवरची ट्यूब गेलेली. ड्रॉइंग पुन्हा ए-थ्रीवर आलं, ट्यूब बदलली, रिजेक्शन पूर्ववत. मेमो मी फाडला. काका रोज वाचता न येणारा आकडा अंदाजाने धरत होते आणि शरमेने बोलत नव्हते. पोराला शरम नव्हती म्हणून तो बोलला. वेगवेगळ्या वयाची माणसं एका लाइनवर असावीत यासाठी मला याहून मोठं कारण लागत नाही.

‘ज्येष्ठांमुळे पोरांना नोकऱ्या नाहीत’ हे फार लवकर पटतं, कारण एका खुर्चीचं गणित तसंच असतं. देशाचं नसतं. कमावणारा खर्चही करतो, आणि त्या खर्चातून दुसऱ्याची नोकरी उभी राहते. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज या अर्थतज्ज्ञांच्या चमूने बारा देशांचे आकडे तपासले होते, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झाले. ज्येष्ठांना लवकर घरी बसवल्याने तरुणांचा रोजगार वाढल्याचा पुरावा सापडला नाही. चाकणला मी पाहिलं तेही हेच. बावन्नचे गेले की त्यांच्या जागी पंचविशीचा कायम कामगार येत नव्हता. कंत्राटदाराचा येत होता, अर्ध्या पगारावर.

राहिला मान. मावसभावाला परवा खरंच बोलावलं. मी त्याला एवढंच सांगून पाठवलं होतं: काहीही लिहून द्यायचं नाही, सही करायची नाही, आवाज चढवायचा नाही, आणि म्हणायचं, ‘मला काढायचं ठरलं असेल तर तसं कारणासकट मेलवर कळवा, मी वाचून उत्तर देतो.’ त्याने ते तसंच म्हटलं. पलीकडची मुलगी बत्तिशीची असेल, म्हणाला, गोंधळली बिचारी. तिने बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला आणि परत येऊन ‘कळवतो’ म्हणाली.

आज नववा दिवस. तो रोज ऑफिसला जातो, मेल अजून आलेला नाही.