‘ॲम्ब्युलन्सला सगळे नियम माफ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: ॲम्ब्युलन्सला वाहतुकीचा एकही नियम लागू नाही, सिग्नल, वेग, उलटी दिशा, सगळं माफ. तरी गाडी उशिरा येते, कारण ड्रायव्हर आळशी. रिकाम्या गाड्या सायरन वाजवत पळवतात. आणि वर पगाराच्या, ड्युटीच्या तक्रारी करतात. अत्यावश्यक सेवेत असणाऱ्याला तक्रारीचा हक्क नसतो, पटत नसेल त्याने नोकरी सोडावी.

मी ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर म्हणून काम केलंय. ज्याच्या हातात माझा आणि पेशंटचा जीव असायचा, त्या माणसाबद्दल हे लिहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सगळे नियम माफ.’ नाहीत. वाहन कसं चालवायचं याचे २०१७ चे केंद्रीय विनियम देशभर लागू आहेत. त्यात रस्त्यावर पहिला मान अग्निशमन दलाच्या गाडीला, दुसरा ॲम्ब्युलन्सला, मग पोलिसांच्या गाडीला. लाल सिग्नल ओलांडणं, वेगमर्यादेपेक्षा जास्त वेगाने जाणं, या सवलती आहेतच. पण जीव वाचवण्याचं काम खरोखर चालू असेल तेव्हाच, आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांची पूर्ण काळजी घेऊन. पेशंट उतरवून चहाला निघालेल्या गाडीला यातलं काहीही लागू होत नाही.

चांगला पायलट (आमच्याकडे ड्रायव्हरला पायलटच म्हणतात) लाल सिग्नलला काय करतो, ते मी शेजारच्या सीटवरून पाहिलंय. चौक जवळ आला की तो रेस सोडतो, सायरनचा सूर बदलतो, गाडी जवळजवळ उभी करतो. आधी उजवीकडची वाहनं थांबली का बघतो, अर्धा चौक ओलांडतो, मग डावीकडे बघतो आणि मगच गाडी काढतो. बसच्या आडून येणारा दुचाकीवाला त्याला दिसत नसतो, आणि कानात गाणी लावलेल्या त्या पोराला सायरन ऐकू येत नसतो. त्या दोघांची धडक झाली तर गुन्हा पायलटवर दाखल होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ती २ वर्षांपर्यंत होती. उपचार करताना डॉक्टरकडून हाच गुन्हा घडला तर मर्यादा अजूनही २ वर्षांची आहे. म्हणजे एकाच गाडीत मागे बसलेल्या माझ्यापेक्षा पुढे बसलेल्याच्या डोक्यावरची टांगती तलवार जास्त जड. ‘सगळं माफ’ म्हणणाऱ्याने एवढं तरी वाचावं.

सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचंही तेच. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, आतला पेशंट त्याला दिसत नाही. माझ्या ओळखीच्या एका पायलटच्या पगारातून अशाच एका चलानाची रक्कम परस्पर कापली गेली. त्या वेळी गाडीत पेशंट होता हे लॉगबुकात लिहिलेलं होतं. ते कुणी उघडूनही बघितलं नाही.

‘जितकी जोरात गाडी, तितका जीव वाचण्याचा संभव जास्त’, असाही त्या मेसेजचा सूर आहे. मागे बसून सलाइन लावून बघा. घाटातल्या वळणावर एका हाताने वरची दांडी धरायची आणि दुसऱ्या हाताने शीर शोधायची. छाती दाबायची वेळ आली तर दांडीही सोडावी लागते, पट्टा लावणं तर शक्यच नसतं. त्या क्षणी पुढून करकचून ब्रेक लागला की मी स्ट्रेचरवर आणि ऑक्सिजनचा मास्क जमिनीवर. मणक्याला मार लागलेला पेशंट असेल तर प्रत्येक खड्डा त्याच्या अंगातून जातो. अशा वेळी मीच ओरडून सांगायचे, ‘दादा, हळू घ्या.’ मागून गाडीच्या मागे लागलेले नातेवाईक मोटारसायकलवरून हातवारे करत असायचे, की पळवा म्हणून.

अमेरिकेतल्या शहरांत सायरनने नेमका किती वेळ वाचतो याच्या मोजण्या झाल्या आहेत. फरक साधारण एक ते चार मिनिटांचा निघाला, एका ठिकाणी तर मिनिटाहूनही कमी. काही पेशंटच्या बाबतीत तेवढ्याने जीव वाचतो, सगळ्यांच्या नाही. आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका मोठ्या अभ्यासात, पेशंट घेऊन जाताना दिवा-सायरन वापरला की अपघातांचं प्रमाण १ लाख फेऱ्यांमागे ७ वरून दुपटीहून जास्त झालेलं दिसलं. म्हणून ज्याला खरी घाई नाही अशा पेशंटला सायरनशिवाय, शांतपणे नेणं हे चांगलं काम आहे. बाहेरून तो आळस वाटू शकतो.

‘रिकामी गाडी सायरन वाजवत पळवतात.’ पेशंटला आणायला जाणारी गाडी रिकामीच असते. शिवाय परतीच्या वाटेवर कंट्रोल रूमचा फोन येतो आणि तिथूनच दुसरी केस सुरू होते; शेजारच्या कारमधून हे कळायचा मार्ग नाही. गैरवापर करणारे असतात, हे मी नाकारत नाही. शंका आली तर गाडीचा नंबर, ठिकाण आणि वेळ लिहून तक्रार करा. पण वाट आधी द्या. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई प्रमाणे १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आत कोण आहे हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने तुम्हाला दिलेला नाही.

‘उशीर होतो तो ड्रायव्हरच्या आळसामुळे.’ १०८ सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांवर सुरू झाली. राज्याचा पसारा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे जवळची गाडी दुसऱ्या केसवर असताना पुढची गाडी कुठून निघत असेल ते कळेल. दुसरं कारण रस्त्यावर दिसतच नाही. आम्ही पेशंट घेऊन कॅज्युअल्टीत (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) पोचतो आणि तिथे खाट रिकामी नसते. पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर राहतो. स्ट्रेचर अडकलं की गाडी अडकली. सही-शिक्का घेऊन बाहेर पडेपर्यंत तालुक्यात दुसरीकडे कुणीतरी दारात उभं राहून आमची वाट बघत असतं.

आता तक्रारींबद्दल. मला सगळ्यात जास्त राग त्या ओळीचा आहे.

संप आणि तक्रार या वेगळ्या गोष्टी आहेत. अत्यावश्यक सेवेत सरकार मेस्मा (महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा) लावून संपावर बंदी घालू शकतं. पगार थकला, टायर गुळगुळीत झालेत, रिलिव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही, हे लिहून द्यायला कोणताही कायदा बंदी करत नाही.

रिलिव्हर न येणं ही ‘ड्युटीची कुरकुर’ समजली जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते. बारा तासांची पाळी संपते, पुढचा माणूस येत नाही, गाडी उभी ठेवता येत नाही, मग तोच पायलट पुढे चालवतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हालचाल आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढिलं होतं, हे १९९७ पासून प्रयोगाने माहीत आहे. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. प्यायलेल्या ड्रायव्हरला आपण चौकात उतरवतो. झोप न मिळालेल्याला पुढची केस देतो. पहाटे चारच्या सुमारास पायलटशी मुद्दाम बोलत राहायचं, हे आम्हा डॉक्टरांचं न लिहिलेलं काम होतं. वाहनचालकांच्या कामाच्या तासांना मर्यादा हवी हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ मध्येच आहे, आणि ते ज्या १९६१ च्या कायद्याचा आधार घेतं त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). तेव्हा ‘मला झोप आलीय, मी चालवणार नाही’ ही तक्रार आतल्या पेशंटसाठी आणि समोरून येणाऱ्या तुमच्यासाठीसुद्धा आहे.

पगाराचंही तसंच. कंत्राटी पायलटला ‘वरून बिल आलं नाही’ असं महिनोन्‌महिने ऐकवलं जातं. कंत्राटदाराने पगार थकवला तर ज्याच्यासाठी काम चालतं त्या मूळ मालकाने तो द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा, हेही त्यातच आहे. आणि रात्रपाळीला एकट्या असलेल्या डॉक्टर किंवा नर्सला छळाची तक्रार करायची असेल तर गाडीसुद्धा कामाची जागाच ठरते; २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामानिमित्त मालकाने पुरवलेलं वाहन स्पष्टपणे धरलेलं आहे.

हा मेसेज वाचून ज्या पायलटांनी मान खाली घातली असेल त्यांना सांगते: तोंडी बोलू नका, लिहून द्या. गाडी नंबर, तारीख, किती तास चालवली, कुणाला फोन केला, हे सगळं लॉगबुकाच्या फोटोसह ठेवा. पीएफ कापला जातो पण भरला जातो का, ते यूएएनच्या (पीएफ खात्याच्या नंबरच्या) पासबुकात बघा. कंत्राटदाराने अर्ज घेतला नाही तर स्पीड पोस्टाने (रजिस्ट्रेशनसह) पाठवा आणि एक प्रत जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात पोच घेऊन द्या.